उभा शब्द, चार अक्षरी

“उभा सात! पाण्याचा मोठा साठा, चार अक्षरी!”

बाईंनी वरच्या पायरीवरून हे इतक्या मोठ्याने विचारलं की खाली गोधडी आपटणारीचा हात क्षणभर थांबला. काका चांगले दहा-बारा पायऱ्या खाली, पाण्याकडे तोंड करून बसले होते. मान न वळवता त्यांनीही तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर दिलं, “जलाशय!” पाटबंधारे खात्यात, धोमच्या कालव्यावर नोकरी झालेला माणूस. हा शब्द त्यांना अडणारच नव्हता. बाईंनी चौकोन भरले, पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि पुढचा प्रश्न आणखी वरच्या पट्टीत विचारला. मी आईची औषधं घेऊन घाटाघाटाने घरी निघाले होते. उन्हं कलली होती, पायऱ्यांचा दगड अजून गरम होता, नदीत पाणी जेमतेम होतं आणि त्या दोघांचे आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात होते.

या दोघांना मी एकाच पायरीवर बसलेलं पाहिलं होतं. मधे पेपर पसरलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर काकांच्या चष्म्याचं घर ठेवलेलं, आणि बोलणं इतकं हळू की जवळून गेलं तरी शब्द कळू नयेत. कोडं सुटलं की बाई पेपरची घडी घालायच्या आणि मग दोघं काही न बोलता बसून राहायची. वाईत संध्याकाळी घाटावर येऊन बसणारे पुष्कळ असतात, पण एवढा वेळ न बोलता कुणी बसत नाही. मला ते बघायला आवडायचं. बाईंनी मला दुसरीत पाढे शिकवले होते. गप्प बसलेल्या बाई मी वर्गात कधी पाहिल्या नव्हत्या.

आता हे अंतर आणि हा आवाज. मला आधी वाटलं, काकांना कमी ऐकू येऊ लागलं असेल. घरी येऊन आईला विचारलं, तर तिने गवार मोडता मोडता सांगितलं, “ऐकायला येतंय त्यांना चांगलं. कुणीतरी बाईंच्या मुलाला पुण्याला फोन केला.”

एवढंच. पुढचं सांगायची गरज नव्हती.

माझ्या मनातून ते काही जाईना. मोठ्याने विचारलेला प्रत्येक शब्द हा पुरावाच होता. आम्ही काय बोलतो ते सगळ्या घाटाने ऐकावं, लपवण्यासारखं काही नाही. आयुष्यभर शाळेत मान मिळवलेल्या बाईंना सत्तरीनंतर, एका शब्दकोड्यासाठी, भर घाटावर असा पुरावा द्यावा लागत होता.

छोट्या गावात म्हातारपणी माणूस एकटं पडत नाही, असं आपण धरून चालतो. शहरातल्या बंद दारांच्या गोष्टी ऐकल्या की मीही पटकन म्हणून जाते, आमच्या वाईत असं नसतं. ते खोटंही नाही. आईच्या सकाळपासून गणती केली तर दूधवाला, फुलवाली, समोरच्या वाड्यातली सून, घंटागाडीवरचा मुलगा, देवळातले गुरव आणि औषधाच्या दुकानातला पोरगा, एवढी सगळी तिच्याशी बोलतात. दोन दिवस दिसली नाही तर कुणी ना कुणी कडी वाजवतं. बाबा गेले तेव्हा तेरा दिवस घरात चूल पेटवायची वेळ आली नाही, आळीतून डबे येत राहिले. असं गाव कुणाला मिळतं? आणि तरी त्याच आईने एकदा मला सांगितलं, रात्री नऊनंतर तिला स्वतःचा आवाज ऐकून दचकायला होतं. दिवसभर ती बोललेली असते ती कुणाची तरी काकू म्हणून, कुणाची आजी म्हणून, अमक्यांची मंडळी म्हणून. “आज आमटी खारट झाली गं” हे सांगायला कुणी नसतं. ते दूधवाल्याला सांगायचं नसतं. ते पुण्याला फोन करून सांगण्याइतकं महत्त्वाचं नसतं. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनीही काही फार रस दाखवला असता असं नाही, “हं” म्हणाले असते. तो “हं” गेला.

आम्ही मुलं फोन करतो. रोज, न चुकता. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे, दार नीट लावलंस ना. आई एकेका प्रश्नाला तोंडी परीक्षेत देतात तशी उत्तरं देते आणि परीक्षा संपली की “बरं, ठेवते” म्हणते. तिच्या शरीराची सगळी बातमी आमच्याकडे असते. नगरपालिकेने घाटावर लावलेले दिवे तिला आवडले का, भागवत सांगायला आलेले महाराज तिला पटले का, हे तिला कुणी विचारत नाही. माणसाला मत असतं, आणि वय झालं म्हणून ते संपत नाही. उलट दिवसभर घरात बसून त्याला धारच येत असावी. पण ते मागणारं माणूस घरातून उठून गेलेलं असतं, आणि बाकीचे सगळे तब्येत विचारून निघून जातात.

पुणं आमच्यापासून लांब नाही. खंबाटकीचा घाट उतरून तिथून दोन-अडीच तासांत वाई गाठता येते. मला वाटतं, हे अंतर अमेरिकेपेक्षा अवघड आहे. अमेरिकेतला मुलगा येणार नाही हे धरून म्हातारी माणसं आपली काही व्यवस्था लावतात. पुण्यातला मुलगा रविवारी येईल असं वाटत राहतं, म्हणून रविवारी कुणाकडे जायचं नाही, चार माणसांना पुरेल एवढी कणीक मळायची आणि अकरा वाजता फोन येतो की अचानक काम निघालं. मग ती कणीक सोमवारपर्यंत पुरते.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी वाईत होते. शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. त्या घराशी आमचा चाळीसएक वर्षांचा शेजार, त्यांच्या मुली आमच्याच ओट्यावर खेळून मोठ्या झालेल्या. आईला बोलावणं आलं नाही. संध्याकाळभर पैंजणांचे, हसण्याचे, बशांचे आवाज भिंतीपलीकडून येत होते आणि आई टीव्हीचा आवाज न वाढवता तशीच बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू स्वतः आल्या. तिळगूळ, वाण, वर डब्यात गुळाची पोळी. आईचा हात धरून बसल्या, डोळ्यांत पाणी आणलं. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण आदल्या दिवशी ज्या खोलीत पंधरा-वीस बायका होत्या तिथे आईला जागा नव्हती, हेही खरंच होतं. मला राग आला होता. आईला आला नाही, किंवा तिने दाखवला नाही. “त्यांनी तरी काय करावं,” म्हणाली आणि पोळी तूप लावून खाल्ली.

मला यातला हिशेब उलटा वाटतो. ज्या वर्षी माणसाला माणसांची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी बोलावणी कमी होतात. आणि हे थोड्याथोडक्या बायकांच्या वाट्याला येत नाही. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या बायकांमध्ये जवळपास निम्म्या विधवा होत्या, पुरुषांमध्ये विधुरांचं प्रमाण त्याच्या साधारण एक तृतीयांश. कारणं सरळ आहेत. नवरा वयाने मोठा शोधायचा, बाई जगते जास्त, आणि पुरुषाचं दुसरं लग्न लोकांना चालतं. म्हणजे गावातल्या प्रत्येक आळीत ज्यांना सोबत हवी त्यांत बायकाच अधिक, आणि बसायच्या जागा मात्र पुरुषांच्या. २०२२च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून राज्यातल्या बाकी गावांना तसं करायला सांगितलं. मी ती बातमी आईला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, “बांगड्यांचं जाऊ दे. बोलवायचं लिहिलंय का त्यात?”

पुरुषांच्या जागा म्हणजे कट्टे. एसटी स्टँडजवळचा, चौकातला, घाटावरचा सकाळचा वेगळा. तिथे साखर आणि रक्तदाब, आमदार आणि उसाचा दर, सगळं बोलून होतं. मी हे कट्टे लहानपणापासून बघत आले आहे आणि त्यांचा मला हेवाही वाटतो. पण बाबा त्यातल्याच एका कट्ट्यावर वर्षानुवर्षं रोज जात असत, आणि ते आजारी पडले तेव्हा बघायला आलेल्या त्यांच्या मित्रांना बाबांना एक बहीण होती, ती तरुणपणी गेली, हे ठाऊक नव्हतं. बाबा त्या आत्याविषयी घरात वर्षातून एकदा तरी बोलत, आईपाशी. बाहेर नाही. पुरुषांची सोबत घड्याळासारखी नियमित असते आणि बहुधा तितकीच बाहेरबाहेरची. बायको गेली की त्यांचं आतलं बोलायचं एकमेव ठिकाण जातं. काकांचं तेच झालं असावं. कट्टा त्यांनाही होता. तिथून उठून ते रोज संध्याकाळी शब्दकोड्याकडे जायचे, ते उगीच नाही.

पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली ती २०२२च्या ऑगस्टमध्ये. पुढच्या वर्षी मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. या सवलतींवर लोक बरंच बोलले, महामंडळ बुडणार म्हणाले. मी वाई-सातारा गाडीत जे पाहिलं ते सांगते. पाचवडच्या पुढे माझ्या शेजारी एक आजी होत्या. इस्त्रीचं लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत फक्त पाण्याची बाटली आणि आधार कार्ड. साताऱ्याला काय काम काढलं म्हटलं, तर म्हणाल्या, “काम कशाचं? जायचं नि याच गाडीनं माघारी यायचं. चार माणसं भेटत्यात.” कंडक्टरने न विचारता शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात दिलं, “आज उशीर केलासा?” म्हणाला. आजींनी सुनेचं, नातवाच्या परीक्षेचं, मोतीबिंदूचं सगळं मला सांगितलं. मी पुन्हा भेटणार नव्हते म्हणूनच सांगितलं असेल. गावात हे कुणाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सुनेच्या कानावर गेलं असतं. ज्या गावात सगळे ओळखतात तिथे मन मोकळं करायला अनोळखी माणूस लागतो, आणि तो मिळायला गाडीत बसून तासभर लांब जावं लागतं.

नोव्हेंबरातली हयातीच्या दाखल्याची रांग मला अशीच आठवते. बाबांना घेऊन मी बँकेत जायची. सगळे निवृत्त एकाच आठवड्यात यायचे, बाकडी अपुरी पडायची, कुरकुर चालायची. पण तिथे कोण आलं, कोण आलं नाही, कोण काठी घेऊन आलं हे कळायचं. जुन्या शाळेतले, जुन्या खात्यातले लोक वर्षातून एकदा का होईना एकमेकांना दिसायचे. आता मोबाइलसमोर चेहरा धरला, पापणी मिटली की दाखला जातो. ज्याला जिना चढवत नाही त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे, मी ती नाकारणार नाही. एक रांग मात्र गेली, आणि तिच्याबरोबर बाहेर पडायचं एक कारण गेलं. म्हातारपणी माणूस नुसतं “भेटायला” जात नाही, संकोच वाटतो. काहीतरी निमित्त लागतं.

निमित्तांच्या बाबतीत जुनं गाव शहाणं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना मला रात्री वाईतल्याच गंगापुरी भागात एका आजींकडे सोबतीला झोपायला पाठवत. त्यांच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. मी दप्तर आणि अंथरूण घेऊन जायची. माजघरात दोन गाद्या, कोपऱ्यात समई, बामाचा वास, आणि अंधारात त्या आजींचं संथ बोलणं. त्या मला गोष्ट सांगत नसत, त्या दिवसभराचं सांगत. कुठली भाजी महाग झाली, कुणाचं पत्र आलं, स्वयंपाकघरातला उंदीर कसा निसटला. मी अर्ध्यात झोपून जायची. माझ्यासारख्या आणखी पोरी आळीतल्या आणखी घरांत जात. कुणाला त्यात विशेष वाटत नसे. ते दान नव्हतं, सेवा नव्हती, मोबदल्यात सकाळी दूध-पोळी मिळायची. एखाद्या घरात रात्री एकटं माणूस असू नये एवढं सगळ्यांना कळत होतं आणि त्याची तजवीज होती. आता आळीत पोरीच कमी, आणि ज्या आहेत त्यांच्या सकाळच्या शिकवण्या सहाला सुरू होतात. आई-वडिलांच्या चरितार्थासाठी २००७चा कायदा आहे, त्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार सगळं लिहिलंय. रात्री दिवसभराचं ऐकायला कुणी असावं हे कायद्यात कसं लिहिणार?

बाईंना मी शेवटी भेटलेच. त्यांच्या घरी, दुपारी. त्यांनी कैरीचं पन्हं दिलं आणि स्वतःहूनच विषय काढला.

“लग्न कुणाला करायचंय गं? मला कोडं सोडवायला माणूस हवंय. एकटीने सोडवलं की उत्तर बरोबर आलं तरी कुणाकडे बघायचं?”

मुलाने त्यांना रागावून काही म्हटलं नव्हतं. “आई, लोक बोलतात,” एवढंच म्हणाला, आणि नंतर, “तू इकडे ये ना राहायला.” मला त्या मुलाची बाजू अगदीच कळत नाही असं नाही. घर, पेन्शन, वडिलांचा फोटो, बायकोच्या माहेरचे काय म्हणतील, हे सगळं एका फोनमध्ये त्याच्यापुढे उभं राहिलं असणार. माझ्या आईबद्दल असा फोन मला आला असता तर पहिल्या क्षणी मला काय वाटलं असतं, याचं उत्तर मला स्वतःला छातीठोकपणे देता येत नाही. पण फोन करणाऱ्याला मात्र मी समजून घेऊ शकत नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तिथे निदान सरळ विरोध होता, सरळ उत्तर देता येत होतं. पुण्यात २०१२च्या सुमारास ज्येष्ठांच्या लिव्ह इन रिलेशनशिपसाठी मंडळ निघालं. शहरात आता अशा गोष्टींना नाव आहे, कार्यालय आहे, मेळावे आहेत. बाई आणि काकांच्या एका पायरीला ना हे नाव लागत होतं ना ते. ज्याला नाव नाही त्याचा बचाव कसा करायचा, हे दोघांनाही कळलं नाही. मग त्यांनी आवाज वाढवला.

आता घाटावर वेगळंच सुरू आहे. बाईंचे प्रश्न सगळ्यांना ऐकू जातात म्हणून सगळेच उत्तरं देऊ लागले. कट्ट्यावरचे चौघे, भजनाहून परतणाऱ्या बायका, कधी सुट्टीला आलेली नातवंडं. “आडवा अकरा, मोगल बादशहा, चार अक्षरी” म्हटलं की तीन-चार दिशांनी “अकबर” आणि “जहांगीर” एकदम येतात आणि त्यावरून वाद होतो. गावाला याचं कौतुक आहे. कुणीतरी व्हिडिओ काढून फिरवला, खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, “हीच आपली संस्कृती” असं लिहिलं. त्यात आनंद आहे, तो मी कमी लेखत नाही. आई गुडघा दुखत असूनही आठवड्यातून दोनदा जाते आणि घरी येऊन उत्तरं सांगते. पण मी बाईंचा चेहरा जवळून पाहिला आहे. त्या वर्गात बघायच्या तशा सगळ्यांकडे बघतात, पुन्हा शिक्षिका झाल्या आहेत. काका खालच्या पायरीवरून हल्ली बऱ्याचदा उत्तर देतच नाहीत. त्यांना येत असतं, मला खात्री आहे. गर्दीत ओरडावंसं त्यांना वाटत नसावं. गावाने त्यांना पंधरा माणसं दिली आणि एक माणूस काढून घेतलं. गाव असंच देतं, मोकळ्या हाताने, आणि आपण काय घेतलं याची त्याला कल्पनाही नसते.

मी माझ्यापुरतं एक केलंय. फोनवर गोळ्यांचं शेवटी विचारते, आधी दुसरं काहीतरी. परवा विचारलं, कृष्णाबाईच्या उत्सवात आपल्या आळीचा प्रसाद यंदा कसा झाला होता? आई सुटलीच. भात कच्चा होता, वाढपी पोरं गप्पा मारत होती, शेजारच्या आळीने रांग किती छान लावली होती, कीर्तनकार आवाजाला बरे पण आख्यान पाठ नव्हतं, आणि या सगळ्यावर तिच्याकडे उपायही तयार होते. मी मधेमधे “हं” म्हणत होते. मग पलीकडून कडी वाजली. संक्रांतीला दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन आलेल्या त्याच शेजारच्या काकू. त्यांचे यजमान मागच्या पावसाळ्यात गेले, आणि आता त्या रात्री आमच्याकडे झोपायला येतात, स्वतःची उशी घेऊन. दोघींचं पटतंच असं नाही. काकूंना पंखा लागतो, आईला सोसत नाही, मालिकांवरून रोज वाजतं. आख्यान कुठलं होतं ते मला कळायचंच होतं अजून.

“ठेवते गं,” आई म्हणाली, “त्या आल्यात. राहिलेलं उद्या सांगते.”